भातानंतरचा मसूर आणि मातीतले जड धातू

मसूर पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले, पहिली फुले दिसू लागली, की शेतात जाऊन चार-पाच रोपे खणून काढा. उपटू नका, कारण उपटताना गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने वीतभर खोल मातीच्या गड्ड्यासकट रोप काढायचे, बादलीभर पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे आणि माती आपसूक सुटू द्यायची. मुळांवर मोहरीच्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. त्यातल्या आठ-दहा नखाने फोडून बघा. आतून गुलाबी किंवा लालसर निघाली तर गाठ काम करते आहे. हिरवट किंवा तपकिरी निघाली तर ती थकून बंद पडलेली आहे. ऐन फुलोऱ्यातही बहुतेक गाठी बारीक आणि पांढऱ्याच असतील, तर त्या कधी चालूच झालेल्या नाहीत.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा होतो. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी जिथे शेतात पसरते, किंवा उन्हाळ्यात शहराचे सांडपाणी मोटर लावून उचलले जाते, तिथे ही गाठींची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असते, त्यामुळे पीक हिरवेगार दिसते आणि जमीन चांगली आहे असा समज होतो. त्याच पाण्यातून धातूही येत असले तर वरून पान पाहून ते कळत नाही. खाली गाठीत ते आधी कळते.

गाठीलाच आधी का कळते?

कडधान्याच्या गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. ही सोयरीक जुळायला बऱ्याच गोष्टी व्हाव्या लागतात. मूळ मातीत काही रसायने सोडते, जिवाणू ती ओळखून उलट खूण पाठवतात, मग मुळावरची बारीक लव वाकडी होऊन त्यांना आत घेते. जड धातू या प्रत्येक पायरीवर आड येतात. मुळाची लव आखूड होते. जिवाणूंची संख्या घटते. गाठ झालीच तर आतला गुलाबी रंग, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद असलेला लेगहिमोग्लोबिन, लवकर मोडतो. नत्र पकडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) मोकळा प्राणवायू अजिबात चालत नाही, आणि हा लाल पदार्थ प्राणवायू मोजूनमापून आत सोडतो. तो मोडला की विकरही बंद पडते. म्हणून गाठीचा रंग ही शेतकऱ्याच्या हातातली फुकटची प्रयोगशाळा आहे.

इंग्लंडमधल्या वोबर्न येथील प्रयोगशेतात 1942 ते 1961 या काळात काही वाफ्यांना मैल्याचा गाळ खत म्हणून घातला होता. गाळ थांबवून वीस-पंचवीस वर्षे उलटल्यावर तिथे क्लोव्हर हे कडधान्याच्या कुळातले चारापीक लावले, तर ते खुजे आणि पिवळे राहिले. मुळांवर गाठी होत्या, पण नत्र शून्य. तपासात कळले, की त्या मातीत नत्र न देणारे, नुसते गाठीत बसून खाणारे जिवाणूच तगले होते आणि कामाचे सगळे मेले होते. बाहेरून चांगले जिवाणू भरपूर संख्येने दिल्यावर त्याच मातीत क्लोव्हरने नत्र पकडला. म्हणजे तिथे झाडाच्या आधी जिवाणू हरला होता. क्लोव्हरचा रायझोबियम आणि आपल्या मसूर-वाटाण्याचा रायझोबियम एकाच जातीचे, फक्त पोटभेद वेगळा. त्यामुळे हे उदाहरण दूरदेशीचे असले तरी आपल्या मसुराच्या जवळचे आहे.

धातू कोणते, किती आणि कुठून

शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, आर्सेनिक, पारा ही नेहमीची नावे. जस्त आणि तांबे यांची पिकाला थोडी गरज असते, पण मर्यादेबाहेर गेले की तेही विषच. निकेलचेही तसेच आहे. युरिया मोडणाऱ्या विकराला निकेलचा कण लागतो, पण त्यापुढे निकेल मुळे जाळतो.

उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि मशीन शॉप असतात. कोणत्याही अशा परिसरात क्रोम-निकेलचा मुलामा देण्याचे काम, जस्ताचा मुलामा, जुन्या बॅटऱ्या फोडणे, रंगकाम हे धातूंचे उगम मानले जातात. त्याशिवाय शहरी कचऱ्याचे खत, मैल्याचा गाळ आणि वर्षानुवर्षे घातलेली स्फुरदाची खते, कारण खनिज स्फुरदात मुळातच थोडे कॅडमियम असते. निपाणी भागात आणखी एक बाब लक्षात ठेवावी: तंबाखू पानात कॅडमियम साठवते. पान शेताबाहेर गेले तर धातूही बाहेर जातो, पण तंबाखूचा टाकाऊ चुरा खत म्हणून एखाद्या शेतात पडला तर तिथे तो जमा होतो.

आकडा डोळ्यांसमोर आणायला एक हिशेब करू. एकरभर शेतातली वरची सहा इंच माती साधारण 9 लाख किलो भरते. त्यात कॅडमियम किलोमागे 1 मिलिग्रॅमने वाढायला 900 ग्रॅम कॅडमियम लागते. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियमची मुभा आहे. अगदी मर्यादेवरचे कंपोस्ट एकरी 5 टन घातले तर वर्षाला 25 ग्रॅम. वीस वर्षांत अर्धा किलो. नियमातल्या खतानेही साठा होतो तो असा, कारण धातू कुजत नाही, उडून जात नाही, आणि चिकणमातीतून खालीही फारसा झिरपत नाही.

पाण्याचा हिशेब वेगळा. एका एकराला दोन इंच पाणी म्हणजे सुमारे 2 लाख लिटर. सिंचनाच्या पाण्यासाठी कॅडमियमची शिफारस केलेली कमाल मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. त्या मर्यादेवरच्या पाण्यानेही एका पाळीत 2 ग्रॅम शेतात येते. पण नाल्याच्या पाण्यात विरघळलेल्या धातूपेक्षा गाळाला चिकटलेला धातू जास्त असतो. म्हणून पूर ओसरल्यावर जिथे पाणी शिरले त्या तोंडाशी, पहिल्या वाफ्यात, माती सगळ्यात जास्त बिघडते आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला बरीच चांगली असू शकते.

भातातून मसुरात येताना

आपल्याकडच्या पीकपद्धतीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

भाताच्या खाचरात पाणी उभे असते तेव्हा मातीत प्राणवायू नसतो. अशा मातीत गंधकाचे रूप बदलते आणि ते कॅडमियमला घट्ट पकडून ठेवते. भाताला त्यातले थोडेच मिळते. कापणीआधी पाणी सोडले, जमीन भेगाळली, हवा आत गेली, की तो बंध सुटतो. सुटताना आम्ल तयार होते, सामू (पीएच, आम्लता मोजायचा आकडा) उतरतो आणि कॅडमियम पुन्हा पाण्यात विरघळते. नेमक्या त्याच आठवड्यांत मसुराचे, वाटाण्याचे कोवळे मूळ ओलीच्या शोधात खाली जात असते. एकाच शेतातल्या एकाच धातूचा भाताला त्रास कमी आणि मागून येणाऱ्या कडधान्याला जास्त, असे होते ते यामुळे.

तांबड्या, जांभ्याच्या, आम्ल जमिनीत, म्हणजे खानापूरकडे, हा उतार जास्त जाणवतो. चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीत सामू फारसा पडत नाही, त्यामुळे धोका कमी. आर्सेनिकचे मात्र उलट आहे: ते उभ्या पाण्यात सुटते आणि जमीन सुकली की बांधले जाते. म्हणून अहवालात कोणता धातू आहे हे पाहिल्याशिवाय पाणी धरावे की सोडावे हे ठरवता येत नाही.

झाडात कॅडमियमसाठी वेगळे दार नसते. जस्त आणि लोह ज्या दारांनी आत येतात त्याच दारांनी तेही घुसते. जमिनीत जस्त कमी असेल तर झाड ती दारे वाढवते आणि कॅडमियम जास्त ओढले जाते. शिसे बहुतेक मुळातच अडकते, दाण्यापर्यंत कमी पोचते. निकेल मात्र झाडात सहज फिरते आणि दाण्यात भरते. आर्सेनिक स्फुरदाच्या वाटेने शिरते.

दाण्यात काय बदलते

नत्र कमी मिळाला की दाणा बारीक राहतो आणि त्यातली प्रथिने घटतात. वाण्याकडे नेल्यावर वजनात तोटा दिसतो, प्रथिनांतला तोटा दिसत नाही. धातू जस्त-लोहाच्या वाटा अडवतात, त्यामुळे ज्या दोन गोष्टींसाठी घरात डाळ-उसळ हवी, त्याच दाण्यात उणावतात.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार डाळींमध्ये कॅडमियम किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, शिशालाही तीच मर्यादा आहे. रोज 50 ग्रॅम मसूर खाल्ला आणि तो अगदी मर्यादेवर असला, तर कॅडमियम 5 मायक्रोग्रॅम पोटात जाते. 50 किलो वजनाच्या माणसासाठी सोसण्याजोगी मर्यादा दिवसाला सरासरी 41 मायक्रोग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे एकट्या उसळीने मर्यादा ओलांडत नाही. पण भात, भाजी आणि उसळ तिन्ही त्याच शिवारातले असतील तर बेरीज होते, आणि ताटात वजनाने भात सगळ्यात जास्त असतो. शरीरात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे राहते. अंगात लोह कमी असले की आतडे ते जास्त शोषते, म्हणून रक्त कमी असलेल्या बायकांना धोका अधिक. शिशाची तर लहान मुलांसाठी कोणतीच पातळी सुरक्षित मानलेली नाही.

पिकापिकात फरक आहे. पाला सगळ्यात आधी भरतो, मग शेंगेचे टरफल, दाणा शेवटी. त्यामुळे शंका असलेल्या शेतातली हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून खाणे हे त्याच शेतातला हरभरा खाण्यापेक्षा जास्त जोखमीचे. रस्त्यालगत किंवा भट्टीजवळ पाल्यावर धूळही बसते, तिच्यातले शिसे तीन पाण्यांनी धुतल्यावर बरेच जाते; मुळातून आत गेलेले धुऊन जात नाही. भुईमूग दाण्यात कॅडमियम बरेच साठवतो, म्हणून कॅडमियमच्या शेतात भुईमूग टाळावा. चिकोडी, हुक्केरी, बैलहोंगलकडच्या सोयाबीनमध्ये वाणावाणात मोठा फरक असतो: काही वाण कॅडमियम मुळाच्या पेशीतच कोंडून ठेवतात, काही दाण्यापर्यंत जाऊ देतात.

तपासणी करताना

मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा बाबी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मॅंगनीज, बोरॉन. शिसे, कॅडमियम, निकेल त्यात नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणजे धातू नाहीत असे समजू नका. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारताना 'जड धातूंची तपासणी, एकूण आणि उपलब्ध दोन्ही' असे स्पष्ट म्हणा. एकूण आकडा साठा सांगतो. उपलब्ध आकडा, जो डीटीपीए नावाच्या द्रावणाने काढतात, पिकाच्या तोंडाशी किती आहे ते सांगतो. भारतात एकूण कॅडमियमसाठी किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, शिशासाठी 250 ते 500, निकेलसाठी 75 ते 150 या मर्यादा वापरल्या जातात. त्या बऱ्याच सैल आहेत असे आमचे मत आहे. आम्ल जमिनीत त्यांच्या खालच्या आकड्यांवरही गाठी बिघडू शकतात.

नमुना भात कापून जमीन वाफशावर आल्यावर घ्या. एकरात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा सहा इंच खड्डा करा आणि त्याच्या कडेची बोटभर जाड चकती घ्या. पाणी शिरते त्या तोंडाचा नमुना वेगळा ठेवा, बाकी शेताचा वेगळा. दोन्ही मिसळले की सरासरी बरी येते आणि बिघडलेला वाफा लपतो. जस्ताची बादली, गंजके फावडे, रंग दिलेले घमेले वापरू नका. ते स्वतःच नमुन्यात जस्त आणि शिसे सोडतात. प्लास्टिकची बादली आणि लाकडी किंवा स्टेनलेस खुरपे घ्या. माती सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा.

अहवाल येईपर्यंत घरी कुंडीची चाचणी करता येते. शंकेची माती आणि दुरून आणलेली, त्याच पोताची, नाल्याचे पाणी न लागलेली माती घ्या. प्रत्येकीच्या चार प्लास्टिक कुंड्या, दर कुंडीत 5 किलो माती. दोन्हीकडे दोन-दोन कुंड्यांत रायझोबियम लावलेले मसूर, दोन-दोन कुंड्यांत न लावलेले. पाणी एकाच विहिरीचे, युरिया अजिबात नाही. चाळीस दिवसांनी मुळे धुऊन गुलाबी गाठी मोजा. शंकेच्या मातीत नुसता मसूर पिवळा आणि रायझोबियमचा हिरवा निघाला, तर जिवाणू कमी पडताहेत, झाड अजून तग धरते आहे. दोन्ही पिवळे, मुळे आखूड आणि तपकिरी निघाली, तर त्या मातीत मुळालाच इजा होते आहे. अशा शेताच्या अहवालात धातू असतीलच असे नाही, सामू फार खाली असला तरी मुळे अशीच दिसतात. म्हणून कुंडी आणि प्रयोगशाळा दोन्ही हवे.

काय करता येते

तांबड्या जमिनीत सामू 6 च्या खाली असेल तर शेतीचा चुना सगळ्यात उपयोगी. सामू 6.5 च्या पुढे गेला की कॅडमियम, शिसे, निकेल, जस्त चौघेही मातीला चिकटतात. शिवाय आम्ल जमिनीत अडकलेले मॉलिब्डेनम मोकळे होते आणि ते गाठीतल्या विकराला हवेच असते. किती चुना हे चुन्याच्या गरजेच्या चाचणीवरूनच ठरवा. मसूर उभ्या भातात विस्कटून पेरत असाल तर त्यावेळी चुना मिसळता येत नाही, म्हणून तो मे महिन्यात नांगरटीबरोबर द्या. युरिया किंवा अमोनियाची खते त्याच दिवशी टाकली तर नत्र उडून जातो; मध्ये तीन आठवडे जाऊ द्या. आर्सेनिक निघाले असेल तर चुना देऊ नका, तो ते आणखी मोकळे करतो. काळ्या, सामू 8 च्या जमिनीत चुन्याचा काही उपयोग नाही. तिथे चांगले कुजलेले शेणखत एकरी 4 ते 5 टन, दरवर्षी. शेणखत मात्र त्याच शेताच्या चाऱ्यावरचे नको.

उपलब्ध जस्त कमी आले असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या. कॅडमियमची दारे त्याने अडतात. अहवालात जस्तच जास्त असेल तर हे टाळा.

रायझोबियम दरवर्षी लावा. धातूच्या मातीत मागच्या वर्षीचे जिवाणू टिकतील असा भरवसा नसतो. मसूर आणि वाटाण्याला एकच पाकीट चालते, हरभऱ्याला वेगळे, सोयाबीनला वेगळे, मूग-उडीद-चवळी-भुईमुगाला आणखी वेगळे. चुकीचे पाकीट लावले तर गाठी होत नाहीत. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून थंड करा. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे पाकीट या गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. गरम गुळाच्या पाण्याने जिवाणू मरतात, उन्हानेही मरतात, आणि तांब्याच्या बुरशीनाशकानेही. बुरशीनाशक लावायचेच तर आदल्या दिवशी, तांबे नसलेले.

पुरानंतर तोंडाशी साचलेला गाळ नांगरून आत घालू नका. दोन सेंटिमीटर थर म्हणजे गुंठ्याला दोन घनमीटर गाळ, साधारण अडीच टन. दोन-चार गुंठ्यांतून तो सुकल्यावर खरवडून काढता येतो, दोन एकरांतून नाही. म्हणून पुढच्या पावसाआधी पाण्याच्या तोंडाशी एक खड्डा करून ठेवावा, जड गाळ तिथेच बसतो. तो खड्डा दरवर्षी उपसावा लागतो आणि उपसलेला गाळ बांधावर टाकला तर पहिल्या वळवाच्या पावसात परत शेतात येतो.

मोहरी किंवा सूर्यफूल लावून धातू ओढून घ्यायचा सल्ला हल्ली वारंवार मिळतो. एकरी 3 टन सुके पीक निघाले आणि त्यात किलोमागे 5 मिलिग्रॅम कॅडमियम भरले, तर एका हंगामात 15 ग्रॅम बाहेर जाते. 900 ग्रॅम काढायला साठ हंगाम लागतील, आणि ते पीक ना खाता येईल ना गुरांना घालता येईल. त्यापेक्षा बिघडलेल्या तोंडाच्या वाफ्यात खाण्याचे पीक बंद करून तिथे फुले किंवा बियाण्यासाठी पीक घ्यावे.

मसुराच्या भुसकटाचाही विचार करायला हवा. त्यात दाण्यापेक्षा धातू जास्त असतो. गुरांनी खाल्लेले कॅडमियम दुधात फार कमी उतरते. ते त्यांच्या मूत्रपिंडात आणि यकृतात साठते आणि उरलेले शेणातून परत शेतावर येते. ज्या शेताच्या गाठी दोन वर्षे सलग हिरवट निघाल्या, त्याचे भुसकट वेगळे रचा आणि चाऱ्याच्या गंजीत मिसळू नका.